रॉ फाइल उघडत नाहीत, लाइटरूम रखडतंय: अपग्रेडचे पैसे भरण्याआधी काय काय तपासायचं

तुळशीचं लग्न जवळ आलं की कोल्हापुरातल्या फोटोवाल्यांचे एकाच प्रश्नाचे फोन सुरू होतात. "नवी बॉडी घेतली, फाइली उघडंना झाल्यात. सॉफ्टवेअर नवं घालू काय?" राजारामपुरीतला मोठा स्टुडिओ असो, नाहीतर कागलला घरच्या एका खोलीत अल्बम करणारा पोरगा असो, प्रश्न तोच असतो. (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आणि फाइली म्हणजे रॉ फाइली: सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती.) मी ही मशीनं लावून देतो आणि बिघडली की बघतो. इतकी वर्षं बघून माझं मत पक्कं झालंय: अपग्रेडने सुटतील अशा अडचणी मोजक्याच आहेत. बाकीच्या अपग्रेडनंतरही तशाच राहतात, कारण त्यांचं मूळ कार्डात, डिस्कमध्ये, सेटिंगमध्ये किंवा बँकेच्या खात्यात असतं.

इथे बहुतेकांकडे लाइटरूम क्लासिक (ॲडोबीचं फोटो सांभाळण्याचं आणि सुधारण्याचं सॉफ्टवेअर) आहे, म्हणून मेनूची नावं त्यातली देतो. कॅप्चर वन किंवा डार्कटेबल ही तशीच सॉफ्टवेअरं वापरणाऱ्यांनाही तपासणीचा क्रम हाच लागू पडेल.

आधी लक्षण नीट ओळखा

"सॉफ्टवेअर जुनं झालंय" एवढ्यावर काही ठरवता येत नाही. पडद्यावर नेमकं काय दिसतंय ते सांगा.

नव्या बॉडीच्या फाइली उघडत नाहीत, पण जुन्या बॉडीच्या उघडतात? इम्पोर्टच्या खिडकीत फोटोऐवजी करडी चौकट दिसते आणि "ही फाइल ओळखता येत नाही" अशा अर्थाचा संदेश येतो? हे एक लक्षण.

फोटो उघडतो, क्षणभर कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसला होता तसा झकास दिसतो आणि दुसऱ्या क्षणी फिका पडतो. हे दुसरं, आणि सगळ्यात जास्त लोक यालाच घाबरतात.

तिसरं रखडण्याचं. एका फोटोवरून दुसऱ्यावर जाताना चक्र फिरत राहतं, ब्रश ओढला की रंग मागून येतो, एक्स्पोर्टला रात्र जाते.

चौथं: लायब्ररी चालते, एक्स्पोर्ट होतं, पण डेव्हलप (फोटोचे रंग, उजेड बदलण्याचा विभाग) करडं पडलेलं.

पाचवं: अर्धा फोटो बरोबर आणि खालचा अर्धा गुलाबी, हिरवा नाहीतर करड्या पट्ट्यांचा.

शेवटचं लक्षण दिसायला सौम्य आहे. सगळं नीट चालतं, पण अंधारातल्या फोटोंचे दाणे काढण्यात आणि माणसामागची पार्श्वभूमी वेगळी करण्यात इतका वेळ जातो की अल्बम वेळेवर जात नाही. पुढे सगळं तपासून झाल्यावर कळेल की पैसे भरून अपग्रेड करण्याचं सर्वांत सबळ कारण हेच आहे.

पहिली तपासणी: आवृत्ती आणि बॉडीचं मॉडेल

हेल्प मेनूत सिस्टिम इन्फो उघडा. त्यात लाइटरूमची आवृत्ती, विंडोज, रॅम, ग्राफिक्स कार्ड, कॅटलॉग (फोटोंच्या आणि त्यांवर केलेल्या कामाच्या नोंदी ठेवणारी लाइटरूमची फाइल) कुठे आहे हे सगळं एका जागी मिळतं. तो मजकूर कॉपी करून एका साध्या फाइलमध्ये ठेवा, शेवटी कामाला येईल.

ही तपासणी सगळ्यात आधी का, तर रॉ फाइल हा एकच एक प्रकार नाही. एनईएफ (निकॉनची रॉ) म्हटलं तरी दोन निकॉन बॉडींच्या एनईएफ आतून वेगळ्या असू शकतात. सॉफ्टवेअरला प्रत्येक मॉडेलची ओळख स्वतंत्रपणे करून द्यावी लागते, आणि ती अपडेटमधून येते. कॅननने २०१८ मध्ये एम५० बरोबर सीआर३ हा रॉचा नवा प्रकार आणला, तेव्हा त्याआधीची सगळी सॉफ्टवेअरं त्याच्यापुढे अडली. एकदाच पैसे देऊन मिळणारं शेवटचं लाइटरूम म्हणजे लाइटरूम ६. ते २०१५ मध्ये आलं आणि डिसेंबर २०१७ च्या ६.१४ या अपडेटनंतर थांबलं. म्हणजे २०१८ पासून बाजारात आलेली जवळपास कुठलीही बॉडी त्याला थेट ओळखता येणार नाही. तुमच्याकडे लाइटरूम ६ असेल आणि बॉडी गेल्या काही वर्षांतली असेल, तर बिघाड काहीच नाही. मेळ बसत नाही, एवढंच. त्यावरचा फुकटचा उपाय पुढे आहे.

सबस्क्रिप्शन असूनही नवी बॉडी उघडत नसेल तर आधी बघा की अपडेट बंद करून ठेवलंय का. सिझनमध्ये मशीनला हात लावायचा नाही म्हणून बरेच जण ऑटो अपडेट बंद करतात (शहाणपणाचं आहे ते), पण नंतर सुरू करायचं राहून जातं.

निकॉन झेड८, झेड९ वाल्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. त्या बॉडीत "हाय एफिशियन्सी" नावाची रॉ आहे. तिची फाइल लहान होते, पण ती सगळ्या सॉफ्टवेअरना उघडता येत नाही. कॅमेऱ्यातच लॉसलेस कॉम्प्रेस्ड निवडली की पुढच्या शूटपासून अडचण मिटते. खर्च शून्य, फक्त कार्ड लवकर भरतं.

डेव्हलप करडं असेल तर बँक बघा

सबस्क्रिप्शन संपलं की लाइटरूम क्लासिक पूर्ण बंद होत नाही. फोटो दिसतात, एक्स्पोर्ट होतात, पण डेव्हलप आणि मॅप हे दोन विभाग बंद पडतात. लोकांना वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं, आणि ते नव्याने घालायला घेतात.

आपल्याकडे याचं नेहमीचं कारण म्हणजे आपोआप होणारी वसुली अडकणं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या अशा वसुलीला नोंदवलेली परवानगी लागते, आणि पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवावं लागतं. कार्ड बदललं, मुदत संपली किंवा ती परवानगी रद्द झाली की पैसे कापले जात नाहीत. बँकेचा मेसेज शोधा, खात्यात लॉगिन करून कार्ड बदला, लाइटरूम बंद करून पुन्हा उघडा. काम झालं.

रंग फिके पडतात: इथे अपग्रेडचा काही संबंध नाही

यावर थोडं थांबतो, कारण नुसत्या या तक्रारीवर लोक सॉफ्टवेअर बदलताना मी बघितले आहेत.

कॅमेऱ्याच्या मागे दिसतो तो रॉ फोटो नसतो. रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेला एक जेपेग असतो, त्यात कंपनीचा स्वतःचा रंग, कॉन्ट्रास्ट, धार असं सगळं घातलेलं असतं. लाइटरूम आधी तोच जेपेग दाखवतं. मग मूळ रॉ वाचून स्वतःच्या प्रोफाइलने नवं चित्र तयार करतं, आणि फोटो फिका पडल्यासारखा दिसतो. फोटोचं काहीही बिघडलेलं नसतं. डेव्हलपमध्ये बेसिकच्या वरच्या प्रोफाइल यादीत जा आणि कॅमेरा मॅचिंग गटातला स्टँडर्ड, पोर्ट्रेट वगैरे लावून बघा. तुमच्या बॉडीसाठी तो गट उपलब्ध असेल तर बहुतांश फरक तिथेच भरून निघतो. आवडला तर तोच इम्पोर्टच्या वेळी आपोआप लागेल असं ठेवा.

आता गुलाल. जोतिबाच्या चैत्र यात्रेत वाडी रत्नागिरीवर ज्याने फोटो काढलेत, त्याला हा त्रास माहीत आहे. माणसांच्या अंगावरचा, सासनकाठीवरचा गुलाल पडद्यावर सपाट गुलाबी डाग होऊन बसतो. कपड्याच्या घड्या, चेहऱ्यावरची पूड, काही वेगळं दिसत नाही. "जुन्या लाइटरूमला गुलाल झेपत नाही" असं मी बऱ्याच तोंडून ऐकलंय. खरी गोष्ट अशी की तो रंग इतका गडद असतो की एसआरजीबीच्या (साधे पडदे आणि जेपेग वापरतात ती रंगांची मर्यादा) आवाक्यात मावत नाही. रॉमध्ये तपशील असतो, तो रंग बदलून बाहेर काढताना चेपला जातो. डेव्हलपमध्ये एस दाबून सॉफ्ट प्रूफिंग (बाहेर काढल्यावर रंग कसे दिसतील याची झलक) सुरू करा, एसआरजीबी निवडा आणि आवाक्याबाहेरच्या रंगाची सूचना चालू करा. गुलालाचा भाग खुणेने भरून जाईल. मग व्हिव्हिड प्रोफाइल असेल तर न्यूट्रल लावा, एचएसएल या एकेक रंग वेगळा हलवण्याच्या पॅनेलमध्ये मॅजेंटा आणि लाल यांचं सॅच्युरेशन थोडं खाली घ्या, ल्युमिनन्स हलवून बघा. घड्या परत दिसायला लागतात. सॉफ्ट प्रूफिंग लाइटरूम ४ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे. यासाठी एक पैसाही खर्च करायची गरज नाही.

मंगल कार्यालयातल्या निळ्या-जांभळ्या एलईडी दिव्यांचं वेगळं. तिथे बऱ्याचदा निळा चॅनेल शूट करतानाच भरून जातो, म्हणजे माहिती कॅमेऱ्यातच संपलेली असते. ती कुठल्याही आवृत्तीत परत येत नाही. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघून एक्स्पोजर खाली ठेवणं एवढाच उपाय.

आणि हो, जुन्या फोटोंच्या कोपऱ्यात प्रोसेस आवृत्ती बदलण्याची खूण दिसली म्हणून सगळ्या कॅटलॉगवर एकदम ते करू नका. २०१२ च्या प्रोसेसमध्ये हायलाइट, शॅडोचं गणितच बदललं. पार्टीला दिलेल्या अल्बममधले रंग तुमच्या मशीनवर वेगळे दिसायला लागतील, आणि पाच वर्षांनी कुणी एक प्रिंट वाढवून मागितली तर जुळणार नाही.

पट्टे, गुलाबी अर्धा फोटो: आधी वायर बदला

याचा शोध पद्धतशीर घ्यायचा, कारण इथे चुकीचं पाऊल टाकलं तर फोटो कायमचे जातात.

कार्डावरून तोच फोटो पुन्हा कॉपी करा. या वेळी दुसरा रीडर, दुसरा यूएसबी पोर्ट, जमल्यास दुसरा पीसी. म्हणूनच कॉपी दोन ठिकाणी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका असं मी सगळ्यांना बजावतो. दुसऱ्या रीडरने फोटो नीट आला तर दोष रीडरचा किंवा वायरीचा, काही शे रुपयांत विषय संपला. दर वेळी तोच फोटो, त्याच जागी तुटलेला आला तर कार्ड खराब आहे, ते बाजूला काढा. आणि दर वेळी वेगवेगळे फोटो तुटत असतील, किंवा काल बरोबर दिसलेला फोटो आज तुटका दिसत असेल, तर रॅमवर संशय घ्या. विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक आहे, मशीन रीस्टार्ट करून ते चालू द्या. असेंबल्ड पीसीत दोन वेगळ्या कंपन्यांच्या रॅम घातल्या की हे मी बऱ्याचदा बघतो.

सगळ्या फोटोंवर सारख्या अंतराचे आडवे पट्टे असतील आणि ते एकाच हॉलमधल्या फोटोंवर असतील, तर फाइल ठीक आहे. तो एलईडीचा लुकलुकाट आहे. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा, शटरचा वेग कमी करा किंवा बॉडीत अँटी-फ्लिकर असेल तर ते लावा.

यातलं काहीही रॉ सॉफ्टवेअरने होत नाही आणि नव्या सॉफ्टवेअरने दुरुस्तही होत नाही.

रखडतंय: फुकटचे उपाय आधी

पहिलं, सी ड्राइव्हमध्ये मोकळी जागा किती? पाचवा हिस्सा तरी मोकळा हवा. भरलेल्या डिस्कवर विंडोजलाच हलायला जागा नसते.

दुसरं, कॅटलॉग कुठे आहे? सिस्टिम इन्फोत त्याचा पत्ता दिसेल. मूळ फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर असले तरी चालतं, पण कॅटलॉग आणि त्याच्या शेजारचं प्रीव्ह्यूचं फोल्डर मशीनच्या आतल्या एसएसडीवरच हवं. लाइटरूम प्रत्येक स्लायडरला कॅटलॉगमध्ये लिहीत असतं. तो पोर्टेबल डिस्कवर असेल तर प्रत्येक छोट्या नोंदीसाठी वायरीतून ये-जा होते. नुसता कॅटलॉग आत आणून ठेवल्यावर "मशीन नवं केलं काय?" असं विचारलेलं मी ऐकलंय.

तिसरं, कॅमेरा रॉची कॅशे (वाचलेल्या रॉ फाइलींची तात्पुरती साठवण). जुन्या आवृत्त्यांत ती १ जीबीच ठेवलेली असायची. प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर जाऊन एसएसडीत जागा असेल तर ती २० जीबी किंवा त्याहून जास्त करा. एका लग्नात दोन-तीन हजार रॉ सहज होतात, त्यांच्यापुढे १ जीबी कुठे पुरणार.

मग फाइल मेनूतून ऑप्टिमाइझ कॅटलॉग. आणि इम्पोर्ट करताना स्मार्ट प्रीव्ह्यू (मूळ फोटोच्या लहान प्रती) बनवायला लावा. त्यांची लांब बाजू २५६० पिक्सेल असते, म्हणजे मशीनला पूर्ण रॉचं ओझं वाहावं लागत नाही. परफॉर्मन्सच्याच पानावर "मूळ फाइलऐवजी स्मार्ट प्रीव्ह्यू वापरा" हा पर्याय आहे, तो लावला की ४५ मेगापिक्सेलची फाइलही जुन्या मशीनवर हलकी वाटते. एक्स्पोर्ट पूर्ण दर्जाचंच होतं, कारण त्या वेळी मूळ फाइल वाचली जाते. धार आणि दाणे तपासताना मात्र तो पर्याय काढा, लहान प्रीव्ह्यूवर ते खरे दिसत नाहीत.

यानेही विचित्र वागत असेल, पॅनेल गायब होत असतील, सुरू होताच बंद पडत असेल, तर ऑल्ट आणि शिफ्ट दाबून धरत लाइटरूम सुरू करा. प्रेफरन्सेस नव्याने बनवू का असं विचारेल. हो म्हणा. फोटो आणि केलेलं काम कॅटलॉगमध्ये असतं, त्याला धक्का लागत नाही. फक्त तुमची सेटिंग पुन्हा लावावी लागतील, म्हणून आधी पानांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

डिस्कची तब्येतही याच टप्प्यावर बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे. निळं "गुड" दिसलं तर पुढे चला. पिवळं "कॉशन" दिसलं तर सगळं थांबवा आणि आधी कॉपी काढा. रखडणं हा मरणाऱ्या हार्ड डिस्कचा पहिला इशारा असतो आणि लोक नेमकं तेव्हाच तिच्यावर नवं सॉफ्टवेअर घालायला घेतात.

फुकटात फाइल उघडण्याचे रस्ते

नवी बॉडी, जुनं लाइटरूम असा मामला असेल तर ॲडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो. तो वेळोवेळी अपडेट होतो आणि नव्या बॉडीच्या फाइली डीएनजी या ॲडोबीच्या रॉ प्रकारात बदलून देतो. डीएनजी २००४ पासून आहे, त्यामुळे लाइटरूम ६ ला ती उघडता येते. कन्व्हर्टरच्या प्रेफरन्सेसमध्ये कुठल्या जुन्या आवृत्तीसाठी बनवायची ते निवडता येतं, ते तुमच्या आवृत्तीनुसार लावा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्रत्येक शूटला हा एक जादा टप्पा होतो, आणि मूळ सीआर३ किंवा एनईएफ पुसायच्या नाहीत. कॅनन आणि निकॉनची स्वतःची सॉफ्टवेअरं ही डीएनजी उघडत नाहीत, आणि उद्या दुसरीकडे जायचं झालं तर मूळ फाइलच हवी.

ती कंपन्यांची सॉफ्टवेअरंही दुर्लक्ष करण्यासारखी नाहीत. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ (२०२१ मध्ये आलं), सोनीचं इमेजिंग एज, सगळी फुकट. रंग कॅमेऱ्याच्या जेपेगसारखेच येतात. हजारो फोटोंच्या लग्नाला ती संथ पडतात, पण बारशाचे शंभर फोटो किंवा हुपरीच्या चांदीच्या दागिन्यांचा कॅटलॉग असेल तर आरामात काम होतं.

डार्कटेबल आणि रॉथेरपी हीसुद्धा फुकट आणि मुक्त. डार्कटेबल शिकायला वेळ लागतो, सिझनच्या तोंडावर सुरू करू नका. पावसाळ्यात, कामं कमी असताना बसा.

क्रॅक केलेल्या कॉपीबद्दल स्पष्ट बोलतो. ती घालताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तिथूनच धोका सुरू होतो. ज्या मशीनवर लोकांच्या लग्नाचे एकुलते एक फोटो आहेत, त्या मशीनवर कुणी अनोळखी माणसाने बदललेला प्रोग्रॅम चालवू नये. अपडेटही मिळत नाही, म्हणजे पुढच्या बॉडीला पुन्हा तीच अडचण. फुकटचे चांगले पर्याय असताना हे करण्याचं काही कारण उरत नाही.

पैसे घालायचेच तर आधी कशात

वरचं सगळं करून रखडणं उरलं असेल तर टास्क मॅनेजर उघडून काम करा आणि बघा काय भरतंय. डिस्क १०० टक्क्यांवर अडकत असेल तर एसएसडी. मेमरी भरत असेल तर रॅम, ८ जीबीवर आज काम कष्टाचं होतं, १६ हवी. ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून नवा घाला. तो फुकट आहे, आणि ब्रश मागून येण्याची तक्रार बऱ्याचदा त्यानेच जाते.

क्रम महत्त्वाचा अशासाठी की नवं सॉफ्टवेअर जुन्यापेक्षा जडच असतं. जुन्या मशीनवर ते घातलं तर रखडणं वाढेल. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा मशीन विंडोज ११ घेऊ शकतं का हे आधी तपासा. घेऊ शकत नसेल तर सॉफ्टवेअरचा निर्णय मशीनच्या निर्णयाबरोबरच करावा लागेल.

आता अपग्रेडचा निर्णय

इथवर येऊनही प्रश्न उरला असेल तर अपग्रेडचा विचार गंभीरपणे करायला हवा. खासबागेत संध्याकाळच्या दिव्यांत कुस्ती टिपणारे, पहाटे दाजीपूरला गव्यांच्या मागे असणारे, फ्लॅश न वापरता लग्नाचे फोटो काढणारे, यांचे फोटो आयएसओ ६४०० आणि वर असतात. लाइटरूममध्ये एप्रिल २०२३ ला आलेलं एआय डीनॉइझ आणि डीएक्सओ कंपनीचं डीपप्राइम या दाणे काढणाऱ्या साधनांनी अशा फोटोंत खरोखर फरक पडतो. लाल मातीचे कण आणि सेन्सरचे दाणे जुन्या स्लायडरला वेगळे काढता येत नव्हते. एकाला पुसलं की दुसरंही पुसलं जायचं. त्याचप्रमाणे ऑक्टोबर २०२१ पासून आलेलं माणूस आणि आकाश आपोआप निवडणारं मास्किंग. नवरा-नवरीचे दीडशे फोटो हाताने ब्रश करणाऱ्याला यात दिवस वाचतात. या दोन्हींसाठी ग्राफिक्स कार्ड मात्र चांगलं हवं, नाहीतर दाणे काढायला एका फोटोमागे कित्येक मिनिटं लागतात.

कुणी सांगतंय म्हणून घेऊ नका, स्वतःच्या फाइलींवर चाचणी घ्या. ॲडोबीची सात दिवसांची चाचणी असते. ती सुरू करण्याआधी दोन कामं.

एक, सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस करा, म्हणजे बदल एक्सएमपी या छोट्या नोंदफाइलींत लिहिले जातात. त्यात कलेक्शन आणि व्हर्च्युअल कॉपी जात नाहीत, म्हणून कॅटलॉगची वेगळी कॉपीही दुसऱ्या डिस्कवर काढा.

दोन, चाचणीसाठी नवा रिकामा कॅटलॉग बनवा. मोठी नवी आवृत्ती जुना कॅटलॉग उघडताना त्याची बदललेली प्रत तयार करते, आणि ती प्रत जुन्या आवृत्तीत उघडत नाही. चाचणीच्या आठवड्यात त्यात केलेलं काम, न पटल्यास, तिकडेच अडकतं.

मग तुमचे सगळ्यात अवघड पन्नास फोटो घ्या: गुलाल, एलईडी, कुस्ती, हळद. जुन्यात आणि नव्यात तेच काम करा, घड्याळ लावून. वाचलेला वेळ सिझनच्या ऑर्डरींनी गुणा आणि वर्षाच्या खर्चाशेजारी मांडा. खर्च धरताना १८ टक्के जीएसटी विसरू नका, नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं. वर्षभराचा करार आणि महिन्याला हप्ता अशी योजना असेल तर मध्येच सोडल्यास उरलेल्या रकमेचा काही भाग भरावा लागतो, तो नियम आधी वाचा. चाचणी नको असेल तर मुदत संपण्याआधी रद्द करा, नाहीतर पैसे सुरू होतात.

दाण्यांचाच प्रश्न असेल तर डीएक्सओचं प्युअररॉ एकदाच पैसे देऊन मिळतं आणि डीएनजी बनवून देतं, बाकी काम जुन्या लाइटरूममध्येच करता येतं. हा मधला मार्ग मला बऱ्याच छोट्या स्टुडिओंसाठी जास्त पटतो. सॉफ्टवेअरच बदलून कॅप्चर वनकडे जाणार असाल तर जुने बदल जसेच्या तसे येणार नाहीत हे धरून चाला. जुने अल्बम लाइटरूममध्ये ठेवा, नवीन ऑर्डरपासून बदला.

आणि हे सगळं सिझनच्या मध्यात नाही. हातात दोन मोकळे आठवडे असतील तेव्हाच.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

कार्ड लावल्यावर विंडोज "फॉरमॅट करायचं का" विचारत असेल तर नाही म्हणा, कार्ड काढा, त्यावर पुढे एकही फोटो काढू नका. वर नवं काही लिहिलं गेलं नाही तर आतले फोटो परत मिळण्याची शक्यता बरीच असते. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर स्वतः चालवायचं असेल तर ते आणि परत मिळालेले फोटो दुसऱ्या डिस्कवर ठेवा. लग्नाचं काम असेल तर मी म्हणेन तेही करू नका, सरळ रिकव्हरीवाल्याकडे जा.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करा. चालू ठेवलेला प्रत्येक मिनिट आतल्या तबकडीला ओरखडे पाडू शकतो. हे काम धूळविरहित खोली असलेल्या प्रयोगशाळेचं आहे, गल्लीतल्या दुकानाचं नाही आणि माझंही नाही.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी, लक्ष्मीपुरीत दुकानांत पाणी शिरलं, तेव्हा लोकांनी भिजलेल्या डिस्क उन्हात वाळवून चालू केल्या. तसं कधीही करू नका. पाणी लागलेली डिस्क चालू न करता, न उघडता, आहे तशी रिकव्हरीवाल्याकडे न्यायची.

कॅटलॉग खराब झाल्याचा संदेश आला तर आधी त्याची कॉपी काढा, मग दुरुस्तीचा पर्याय एकदाच वापरा. नाही झालं तर बॅकअपमधला शेवटचा चांगला कॅटलॉग उघडा. तोही नसेल तर पुढे प्रयोग करू नका. प्रत्येक प्रयोगागणिक जाणकाराच्या हाती कमी उरतं.

मेमरी तपासणीत चूक दाखवली, मशीन काम करता करता स्वतःहून बंद पडतंय, किंवा आतून जळका वास येतोय, तर हार्डवेअरवाला बोलवा. त्याच्याकडे जाताना सिस्टिम इन्फोची ती फाइल, पडद्यावरच्या संदेशाचा मोबाइलने काढलेला फोटो, अडलेल्या दोन रॉ फाइली आणि वरच्यांपैकी काय काय करून झालंय याचा कागद सोबत न्या. पासवर्ड देऊ नका, समोर बसून स्वतः टाका. आणि मशीन सोडून येण्याआधी पार्टीच्या फोटोंची एक कॉपी तुमच्या घरी आहे ना, एवढं बघून निघा.